परदेशी श्रमदान आणि गरजूंची घरे : एक आढावा

एका देशातील माणसांनी स्वखर्चाने दुसऱ्या देशात जावे, तेथील एखाद्या बेघर किंवा मोडक्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी आठ-पंधरा दिवस विटा वाहाव्यात, माल कालवावा, भिंतींना रंग द्यावा आणि परत यावे, ही प्रथा गेल्या शंभर वर्षांत रुजली असून तिच्याभोवती आज संस्था, प्रवासयोजना, देणग्या आणि टीका यांचा मोठा पसारा उभा आहे. तिच्याविषयी लिहिणाऱ्यांत काही जण भारावलेले असतात, तर काही उपहासाने बोलतात. मात्र हे काम मुळात घरबांधणीचे आहे आणि किती घरे उभी राहिली यावरच त्याचे यशापयश ठरावे, हे गृहीत दोन्ही पक्ष विनातक्रार स्वीकारतात. इतिहास पाहता हे गृहीत टिकत नाही. या प्रथेत राष्ट्राराष्ट्रांतील वैर कमी करणे, श्रद्धेला कृतीची जोड देऊन निधी उभारणे आणि प्रत्यक्ष निवारा पुरवणे असे तीन निरनिराळे हेतू वेळोवेळी मिसळत गेले आहेत, आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद एका हेतूच्या मापाने दुसऱ्याचे काम मोजल्यामुळे निर्माण झाले आहेत.

या प्रथेचे एक महत्त्वाचे मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये सापडते. पिएर सेरेझोल (१८७९–१९४५) हे स्वित्झर्लंडमधील अभियंते आणि गणिताचे शिक्षक होते. त्यांचे वडील एकेकाळी त्या देशाचे अध्यक्ष होते, तर स्वतः सेरेझोल यांनी लष्करी कर भरण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला होता. सैन्यातील सक्तीच्या सेवेला समाजोपयोगी श्रमांचा पर्याय असावा, म्हणजे ज्याला बंदूक उचलायची नाही त्याने फावडे उचलावे, ही त्यांची मागणी होती आणि तिलाच पुढे ‘नागरी सेवा’ हे नाव मिळाले. १९२०च्या अखेरीस त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह व्हर्दंजवळच्या एन-आं-आर्गोन या उद्ध्वस्त गावी तळ ठोकला, राडारोडा उपसला आणि तात्पुरती घरे उभारली. या तुकडीत जर्मन स्वयंसेवकही होते, आणि प्रयोगाचे सारे मर्म त्यातच होते. परंतु ज्या भूमीवर नुकतीच लाखो माणसे मारली गेली होती, तेथे जर्मन हातांनी रचलेली भिंत सर्वांनाच सोसवेना, आणि स्थानिक विरोधामुळे काही महिन्यांतच, १९२१च्या वसंतात, तळ गुंडाळावा लागला. घरांच्या हिशेबाने हा उपक्रम नगण्य ठरतो. मात्र कालचे शत्रू एकाच घमेल्याने माती वाहू शकतात हे दाखवण्याचा हेतू लक्षात घेतला, तर त्यातूनच पुढे आकाराला आलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे आणि आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांच्या चळवळीचे महत्त्व समजते. ऱ्हाईन नदीच्या पुराने लिखटेनश्टाइनची शेते गाळाखाली गाडली गेल्यावर १९२८ साली अनेक देशांतले सुमारे सातशे स्वयंसेवक तेथे कामाला आले, तेव्हा या चळवळीला खऱ्या अर्थाने व्याप्ती लाभली.

भारताचा या इतिहासाशी आलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहारमध्ये झालेल्या प्रलयंकारी भूकंपानंतर सेरेझोल भारतात आले, महात्मा गांधी आणि मदतकार्याची धुरा वाहणारे राजेंद्र प्रसाद यांच्याशी त्यांचा संपर्क झाला, आणि भूकंपाने जमिनीची पातळी बदलल्यामुळे पुराच्या तडाख्यात सापडलेली गावे उंचवट्यावर नव्याने वसवण्याच्या कामात ते आणि त्यांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके युरोपीय सहकारी काही वर्षे गुंतले. मुझफ्फरपूर परिसरातील अशा पहिल्या वसाहतीला शांतिपूर असे नाव देण्यात आले. या चार-दोन माणसांच्या अंगमेहनतीने बिहारची पुनर्रचना झाली असे कोणीही म्हणणार नाही, आणि त्यांचाही तसा दावा नव्हता. पण साम्राज्याच्या काळात गोऱ्या माणसाने भारतीय खेड्यात हुकूम न सोडता मातीकाम करणे यालाच स्वतंत्र अर्थ होता. त्याच संस्थेचे स्वयंसेवक १९५०च्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनातही बांधकामासाठी राहिले. कुष्ठरुग्णांच्या सावलीलाही लोक उभे राहत नसताना परदेशी तरुणतरुणींनी त्यांच्यासोबत राहून काम केले, याचा परिणाम इमारतींपेक्षा आसपासच्या लोकांच्या मनातील भीतीवर अधिक झाला असणार, असे मानण्यास जागा आहे. या टप्प्यावर बांधकाम हे निमित्त आहे आणि सहवास हे प्रयोजन आहे.

दुसरा हेतू अमेरिकेत घडला. जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन यांनी १९४२ साली ‘कोइनोनिया’ नावाची शेतवसाहत स्थापन केली होती, जेथे वंशभेदाच्या ऐन काळात कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय एकत्र राबत असत. आपली संपत्ती सोडून देऊन तेथे आलेले उद्योजक व वकील मिलर्ड फुलर, त्यांच्या पत्नी लिंडा आणि जॉर्डन यांच्या विचारविनिमयातून एक साधी योजना पुढे आली : घर फुकट द्यायचे नाही, पण नफाही घ्यायचा नाही, कुटुंबाने बिनव्याजी हप्ते भरायचे, ते हप्ते एका सामायिक निधीत जमा व्हायचे आणि त्यातून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राहायचे. बिनव्याजी कर्जाला आधार बायबलमधील, गरिबाकडून व्याज घेऊ नये, या आज्ञेचा होता. १९७३ ते १९७६ या काळात फुलर दांपत्याने तत्कालीन झाईरमधील म्बांडाका येथे ही योजना राबवली आणि परतल्यावर १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली. म्हणजे परदेशातील घरबांधणी ही या संस्थेची नंतर फुटलेली फांदी नसून तिच्या जन्माआधीचा प्रयोग आहे.

या योजनेतील एक कल्पना विशेष विचार करण्याजोगी आहे. घर मिळणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरांवर ठरावीक तास राबायचे आणि हे श्रम त्याचे भांडवल मानायचे, याला संस्थेच्या परिभाषेत ‘स्वेट इक्विटी’ म्हणजे घामाचे भांडवल म्हणतात. त्यामुळे घेणारा केवळ याचक राहत नाही, हे खरे. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला शेकडो तासांचे बिनमजुरी काम किती महाग पडते, हा हिशेब संस्थेच्या प्रचारसाहित्यात क्वचितच दिसतो. पाहुण्या स्वयंसेवकाने आठवड्याची भरपगारी रजा काढून केलेले श्रम आणि यजमान कुटुंबाने दिवसाचा रोज बुडवून केलेले श्रम यांना एकाच नावाने गौरवले जाते, तेव्हा त्यांतील फरक झाकला जातो.

या संस्थेला जगभर ओळख मिळवून दिली ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी. अनेकांची समजूत आहे त्याप्रमाणे ते तिचे संस्थापक नव्हते. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका पडक्या सहामजली इमारतीत १९ कुटुंबांसाठी घरे तयार करण्याच्या कामात ते पत्नी रोझॅलिन यांच्यासह सामील झाले आणि त्यानंतर दरवर्षी एक आठवडा हातोडी घेऊन उभे राहण्याचा परिपाठ त्यांनी नव्वदी ओलांडल्यावरही मोडला नाही. २००६ साली हा वार्षिक उपक्रम लोणावळ्यानजीक मळवली परिसरात झाला, तेथे १०० घरांचे काम हाती घेण्यात आले आणि देशोदेशींचे स्वयंसेवक त्यासाठी आले. या मंडळींत हॉलिवूडचा अभिनेता ब्रॅड पिट असल्यामुळे वृत्तपत्रांचे सारे लक्ष त्याच्याकडे गेले. कार्टर घराण्याचा महाराष्ट्राशी याहून जुना आणि लेखकाच्या मते अधिक बोलका संबंध मात्र तुलनेने विस्मृतीत गेला आहे : त्यांच्या आई लिलियन कार्टर अमेरिकी सरकारच्या ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक दलातर्फे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून सुमारे दोन वर्षे राहिल्या. आईजवळ शिकलेले कौशल्य होते आणि मुक्कामही दीर्घ होता, मुलाजवळ प्रसिद्धीचे वलय होते आणि आठवडा होता. परदेशी सेवेचे हे दोन नमुने एकाच घरात सापडावेत हा योगायोगच.

आठवड्याच्या या नमुन्यावरच पुढे मोठी व्यवस्था उभी राहिली. साधारण दहा-पंधरा जणांची तुकडी, प्रत्येकाने स्वतः उभारलेली रक्कम, तिच्यातून प्रवास, निवास, विमा आणि बांधकामासाठी देणगी, दिवसभर गवंड्याच्या हाताखाली काम आणि शेवटी घराच्या किल्ल्या सुपूर्द करण्याचा समारंभ, हा तिचा ठरलेला साचा आहे. अमेरिकेतील चर्चमधून निघून सीमेपलीकडे मेक्सिकोतील तिहुआना परिसरात चार-पाच दिवसांत लाकडी सांगाड्याचे घर उभारणाऱ्या तरुण गटांचा साचाही फारसा वेगळा नाही. विमानप्रवास स्वस्त झाला, महाविद्यालयीन प्रवेशात सेवाकार्याला वजन आले आणि खासगी प्रवासकंपन्या या क्षेत्रात उतरल्या, तसा या साच्याला पर्यटनाचा रंग चढला; सेवा आणि सहल यांच्या या मिश्रणाला ‘व्हॉलंटुरिझम’ असे नाव पडले आणि ते बहुतेक वेळा टीकेच्या सुरातच उच्चारले जाते.

टीका मात्र त्या नावापेक्षा जुनी आहे. मूळचे ऑस्ट्रियाचे, धर्मगुरू आणि विचारवंत इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत उन्हाळी सेवेसाठी येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेत, निमंत्रित पाहुणे असूनही, त्यांच्या सद्हेतूंचीच झाडाझडती घेतली. ज्यांची भाषा येत नाही अशा गावकऱ्यांना हे विद्यार्थी अमेरिकी मध्यमवर्गाची जीवनपद्धतीच विकत असतात, स्वदेशातील गरीब वस्तीत निदान त्यांना कोणी तोंडावर चालते व्हा म्हणेल, येथे तेही होत नाही, तेव्हा त्यांनी पाहायला आणि शिकायला यावे, मदत करायला येऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. इलिच यांचा हा हल्ला एकांगी होता. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला छपरासोबत येणाऱ्या सांस्कृतिक आक्रमणाची चिंता किती असते, हा प्रश्न त्यांनी पुरेसा गांभीर्याने घेतला नाही. तरीही पाहुणा नकार ऐकू शकतो काय, ही त्यांनी लावलेली कसोटी आजही चुकवता येत नाही.

इलिच यांचे म्हणणे नैतिक होते. त्याला आकड्यांची जोड होंडुरासमधील एका अभ्यासाने दिली. १९९८च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हाहाकार माजवल्यानंतर उत्तर अमेरिकेतील चर्चांचे अनेक गट होंडुरासमध्ये घरे बांधण्यास गेले. कॅल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी या गटांनी बांधलेली घरे आणि होंडुरासमधील संस्थांनी स्थानिक मजुरांकडून बांधून घेतलेली घरे यांची तुलना करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २,००० डॉलर किमतीच्या घरासाठी एका गटाचा प्रवासासह खर्च सरासरी ३०,००० डॉलर होत होता, म्हणजे त्याच पैशांत पंधरा घरे झाली असती. घर परदेशी हातांनी बांधले की स्वदेशी हातांनी, याने कुटुंबाच्या जीवनात जाणवण्याजोगा फरक पडलेला नव्हता. आणि घरी परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानशूरतेत किंवा जीवनक्रमातही टिकाऊ बदल फारसा आढळला नाही. शेवटचा निष्कर्ष सर्वांत अडचणीचा आहे, कारण घरे महाग पडली तरी माणसे बदलतात, हाच या प्रवासांच्या समर्थकांचा मुख्य आधार असतो.

पंधरा घरांचा हा हिशेब मात्र जपून वापरायला हवा. प्रवास रद्द झाला असता तर ते ३०,००० डॉलर होंडुरासला पोचलेच असते असे नाही. ते बहुधा समुद्रकिनाऱ्यावरील सुटीत खर्च झाले असते. देणगीदाराला स्वतः जाऊन वीट लावायला मिळते म्हणूनच तो खिशात हात घालतो, ही गोष्ट संस्थांच्या चालकांना पक्की ठाऊक असते आणि त्या दृष्टीने पाहता परदेशी स्वयंसेवक मजूर नसून निधीसंकलनाचे साधन ठरतो. यात गैर काही नाही, पण ते उघडपणे मान्य केले जात नाही. बांधकामाच्या जागी त्याचा परिणाम असा होतो की पाहुण्यांना करता येईल असे काम राखून ठेवावे लागते, गवंड्याला थापी चालवायची सोडून ती कशी धरावी हे दाखवत बसावे लागते, ओळंब्याबाहेर गेलेला थर संध्याकाळी गुपचूप उतरवून पुन्हा रचावा लागतो. टांझानियात शालेय सहलीत बांधलेल्या भिंती स्थानिक कामगार रात्री पाडून नव्याने बांधत असत, हे पिपा बिडल या अमेरिकी लेखिकेने २०१४ साली जाहीरपणे लिहिले तेव्हा तो किस्सा जगभर वाचला गेला, त्याचे कारण इतर अनेकांनाही आपल्या भिंतींविषयी शंका होती हेच असावे. ज्या गावात बिगारी काम हाच पोटाचा आधार आहे तेथे फुकट बिगारी आयात करण्याने रोजगार बुडतो, हा आक्षेपही निराधार नाही, मात्र कुशल कामासाठी संस्था स्थानिक गवंडी नेमतात तेथे त्याची तीव्रता कमी होते. चिलीमध्ये १९९७ साली जेझुइट धर्मगुरू फेलिपे बेरिओस आणि विद्यार्थी यांनी सुरू केलेल्या, पुढे ‘तेचो’ या नावाने लॅटिन अमेरिकेत पसरलेल्या संस्थेने यावर एक तोड काढली : तयार लाकडी फळ्यांचे अठरा चौरस मीटरचे घर, जे अकुशल माणसांनाही दोन दिवसांत उभे करता येते, आणि स्वयंसेवक मुख्यतः त्याच देशातील तरुण. असे घर निवाऱ्याची तातडी भागवते. त्याला कायमचे घर म्हणण्याचा आग्रह धरू नये इतकेच.

निवारा हा तिसरा हेतू मुख्य मानला की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. ब्रिटिश वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी १९५७ पासून काही वर्षे पेरूमधील आरेकिपा आणि लिमा येथील वस्त्यांत काम केले आणि १९७६ साली, म्हणजे हॅबिटॅट स्थापन झाली त्याच वर्षी, ‘हाउसिंग बाय पीपल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. गरीब कुटुंबे स्वतः विटा रचोत वा गवंडी लावोत, घर कोठे, केवढे आणि कोणत्या क्रमाने बांधायचे याचा निर्णय त्यांच्या हाती असेल तर ते घर त्यांच्या उपयोगी पडते, असे त्यांच्या विचाराचे सार आहे. गरिबांपाशी तुटवडा श्रमांचा नसतो. तो जमिनीच्या कागदांचा, परवडणाऱ्या कर्जाचा, चांगल्या मालाचा आणि तांत्रिक सल्ल्याचा असतो. परदेशी स्वयंसेवक नेमके तेच घेऊन येतो जे तेथे आधीच विपुल आहे.

आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात याचा पडताळा मिळतो, आणि त्यात महाराष्ट्राचा अनुभव महत्त्वाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. बाहेरच्या संस्थांनी गावे दत्तक घेतली, आखीव रस्त्यांची ऐसपैस वसाहत झाली, पण वाड्याचे अंगण, गोठा आणि भावकीची जवळीक त्या आराखड्यांत सहज बसली नाही. ज्या गावांत घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण झाले तेथे मात्र मदतीची रक्कम घरमालकाच्या हाती आली आणि ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून शासन आणि कुटुंबे यांच्यामधला दुवा बनल्या. २६ जानेवारी २००१च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि जेनिफर डुइन बारेनश्टाइन यांच्या २००६च्या तुलनात्मक अभ्यासात घरमालकांनी स्वतः बांधून घेतलेल्या घरांविषयी समाधान सर्वाधिक, तर ठेकेदारांनी नव्या जागी बांधलेल्या वसाहतींविषयी सर्वांत कमी आढळले. नेपाळने २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपये ५० हजार, दीड लाख आणि एक लाख अशा तीन हप्त्यांत दिले; पुढचा हप्ता मागचे काम भूकंपरोधक निकषांत बसल्याची तपासणी झाल्यावरच मिळत असे. आपल्याकडे खेडोपाडी ‘घरकुल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेतही २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी लाभार्थ्याला मिळते, म्हणजे स्वतःच्या घरावर राबण्याचा त्याला मोबदला मिळतो. घामाच्या भांडवलाची कल्पना येथे उलटी झालेली दिसते. या योजनेत दिरंगाई, कागदपत्रांचा जाच आणि अपुरी रक्कम हे दोष आहेतच, परंतु २ कोटी ९५ लाख घरांचे तिचे मार्च २०२४ पर्यंतचे उद्दिष्ट आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वर्षभरात लावलेल्या विटा यांची तुलना करणेही अप्रस्तुत ठरेल.

मग परदेशी स्वयंसेवकाचे स्थान कोणते? बांधकाम अभियंता, भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण देणारा गवंडी, जमीनहक्काच्या कायद्याचा जाणकार, यांनी सहा महिने किंवा दोन वर्षे राहून केलेले काम निवाऱ्याच्या मापानेही उपयुक्त ठरते. अल्पमुदतीच्या तुकड्यांचा हिशेब मात्र पहिल्या दोन हेतूंच्या खात्यात मांडायला हवा आणि देणगीदारालाही तसे सांगायला हवे. भारताने व्हिसाच्या नियमांत पर्यटकाला महिनाभरापर्यंतच्या विनामोबदला स्वयंसेवेची मुभा ठेवली आहे, आणि परदेशी निधीसाठी २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याचे बंधन मात्र कडक आहे. परिणामी श्रम सहज येतात आणि पैसा अडखळतो, जे निवाऱ्याच्या दृष्टीने नेमके उफराटे आहे.

परदेशी जाऊन घरांसाठी काम करण्याची आणखी एक परंपरा आहे, जी या विषयावरील लेखनात सहसा गणली जात नाही, कारण तिच्यातील प्रवासी स्वतः गरीब आहेत. मुंबईत ‘स्पार्क’ ही संस्था १९८४ साली स्थापन झाली, तिने पुढच्याच वर्षी पदपथवासीयांची गणना प्रसिद्ध केली, आणि भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ या नावाने बचतगट बांधले. या स्त्रियांनी कापड, लाकूड आणि पुठ्ठा वापरून प्रत्यक्ष आकाराच्या घरांचे नमुने उभारले, त्यांत चालून-बसून पाहिले आणि चौदा फूट उंचीची खोली व तिच्यात पोटमाळा, असा आपल्या गरजेचा आराखडा ठरवला. १९९१ पासून झोपडवस्तीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुतम आणि या संघटनांतील मंडळी दक्षिण आफ्रिकेतील झोपडवस्त्यांत जाऊ लागली, तेथील लोक मुंबईत येऊ लागले. भायखळ्याच्या बायका तेथे भिंती बांधायला गेल्या नव्हत्या. रोजची बचत कशी जमवावी, वस्तीची मोजणी स्वतः कशी करावी आणि अधिकाऱ्यासमोर आपला नकाशा कसा मांडावा, हे त्या दाखवत होत्या. १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत बेघरांचा महासंघ स्थापन झाला, १९९६ साली अनेक देशांतील अशा संघटनांचे ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ हे जाळे उभे राहिले, आणि १९९८ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने लोकांनी स्वतः घरे बांधून घेण्याच्या प्रक्रियेला अनुदानाच्या धोरणात स्थान दिले. या देवाणघेवाणीलाही विमानभाडे लागले आणि ते बहुतांशी देणगीदारांनीच भरले.